जिन्यातला दिवा कुणाचा?

मे महिन्यात आमच्या जळगावात जिन्यातले दिवे लावणारा सेन्सर माणसाला ओळखेनासा होतो. तो बिघडलेला नसतो. छताला लावलेल्या त्या पांढऱ्या वाटीच्या आत जो तुकडा असतो, तो उजेड बघत नाही, चेहरा बघत नाही; अंगातून बाहेर पडणारी उष्णता तेवढी त्याला कळते. माणसाची कातडी साधारण ३४-३५ अंशांची. मागची भिंत २५ अंशांची असली की त्या भिंतीपुढे माणूस ठसठशीत उठून दिसतो, आणि तो जरा सरकला की दिवा लागतो. आमच्याकडे दिवसभर रापलेली भिंत रात्री आठ-साडेआठच्या सुमारास कशीबशी ३५-३६ वर उतरते. लोकांची घरी परतायची वेळही तीच. भिंत आणि माणूस एकसारखेच ऊन, मग त्या बिचाऱ्याने कुणाला ओळखायचं? तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन अंधारात उभ्या राहतात आणि सेन्सरला खास खानदेशी शिव्या देतात. भर दुपारी भिंत ४२ वर गेली की त्याला पुन्हा थोडंफार दिसू लागतं, कारण तेव्हा माणूस भिंतीपेक्षा गार असतो. पण भर दुपारी जिन्यात दिवा हवाय कुणाला?

अशा सेन्सरच्या पाकिटावर बारीक अक्षरांत कामाचं तापमान छापलेलं असतं. बहुतेकांवर उणे २० ते ४० अंश. उणे वीसची सोय आम्हाला काय कामाची! वरचे पाच-सहा अंश वाढवून दिले असते तर भुसावळपासून शिरपूरपर्यंत सगळ्यांनी दुवा दिला असता.

आमच्या सोसायटीचा जमाखर्च माझ्याकडे आहे. हौसेने घेतलेला नाही. सभेला जी उशिरा आली, तिच्या गळ्यात पडला. कॉमन मीटरचं बिल दर महिन्याला माझ्या हातात येतं, त्यामुळे वीज वाचवायचे जे जे उपाय लोकांना सुचतात ते आधी माझ्या दारावर येतात. जिन्यात सेन्सर लावायचा विषय सभेत निघाला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या अण्णांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘सेन्सर म्हणजे तो प्रीपेड मीटर का हो?’’ नाही म्हणून सांगता सांगता चहा गार झाला.

हिशोब मात्र मी आधीच करून ठेवला होता. जिन्यात आठ दिवे. पूर्वी तिथे जुन्या ट्यूबलाइटी होत्या, चोकसकट एकेक पन्नास वॉटच्या घरात जाणारी. रात्रीचे अकरा तास धरले तर महिन्याला १३० युनिटच्या वर वीज नुसत्या जिन्यात. तिथे दहा-दहा वॉटचे एलईडी लावले तेव्हाच ते १३० चे २६ झाले. म्हणजे सेन्सर यायच्या आधीच शंभरावर युनिट वाचले होते. आता सेन्सरने आणखी वाचवायचे म्हटले तरी त्या उरलेल्या २६ मधलेच वाचणार, फार तर अठरा-वीस. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली आणि साठ वॉटच्या पिवळ्या बल्बच्या जागी नऊ वॉटचा पांढरा घरोघर आला. त्या साध्या बदलाने जे झालं त्यापुढे या सगळ्या हुशार यंत्रांचा वाटा तसा शेवटच्या घासाचा आहे. जाहिराती हे सांगत नाहीत.

तरीही मी सेन्सरच्या बाजूने मत दिलं. का, ते सांगण्यासाठी मला नानांकडे जावं लागेल.

नाना म्हणजे माझे सासरे. अमळनेर तालुक्यातल्या गावातून ते आमच्याकडे राहायला आले ते उन्हाळ्यातच. आल्यापासून त्यांचा एक नेम आहे. जेवण झालं की ते घरभर एक फेरी मारतात आणि रिकाम्या खोलीतले दिवे-पंखे बंद करतात. करताना स्वतःशीच बोलतात, ‘‘खोलीमा कोनी नही, मंग हाऊ उजेड कोनासाठे?’’ नातू मोबाइल घेऊन त्याच खोलीत कोपऱ्यात बसलेला असतो, तो ओरडतो, मग दिवा पुन्हा लागतो. माणूस आहे की नाही हे ओळखण्यात नानांचीही चूक होतेच. पण ती चूक ऐकून घेणारं कुणीतरी असतं आणि ती लगेच दुरुस्त होते.

घरातल्या प्रत्येक दिव्याला असा एक मालक असतो. स्वयंपाकघरातला माझा, देवघरातला सासूबाईंचा, बाहेरचा नानांचा. बिल आपल्या खिशातून जाणार हे त्या मालकाला माहीत असतं. जिन्यातल्या दिव्याला मालक नाही. तो सगळ्यांचा आहे, म्हणजे कुणाचाच नाही. सकाळी नऊला ऊन दारात आलेलं असतं आणि जिन्यातले आठही दिवे जळत असतात. त्यांच्याखालून चौदा घरांतली माणसं कामाला जातात आणि बटणाला कुणी हात लावत नाही. कचेरीचा बोळ, कॉलेजचा व्हरांडा, दवाखान्यातलं स्वच्छतागृह, बँकेची रेकॉर्डची खोली, सगळीकडे हेच. यंत्राची जागा माझ्या मते तिथे आहे. जिथे नाना आहेत तिथे सेन्सरची गरज नाही, आणि जिथे नाना असूच शकत नाहीत तिथे तो लावण्यावाचून इलाज नाही.

मोठ्या इमारतींसाठी देशाने हे नियमातच घातलेलं आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो झाला आणि २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली, २०१७ मध्ये ती सुधारली. शंभर किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या, म्हणजे सगळी उपकरणं मिळून तेवढी वीज मागणाऱ्या इमारतीत दिवे आपोआप बंद व्हायची व्यवस्था असावी, असं ती सांगते. आमच्या चार मजल्यांना ते लागू नाही. तरी वाचून बरं वाटलं की नानांच्या प्रश्नाला दिल्लीत उत्तर तयार आहे.

पण सेन्सर आला म्हणून काम संपत नाही. खानदेशात आता गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्या आहेत. जळगाव-धुळ्यातच काय, तालुक्याच्या गावीसुद्धा स्पर्धा परीक्षा देणारी मुलं पहाटेपासून तिथे खुर्च्या धरून बसतात. आमच्या ओळखीच्या एकाने आपल्या अभ्यासिकेत असे सेन्सर लावले. आता अभ्यास करणारा मुलगा करतो काय? बसतो. हलत नाही. जितका मन लावून वाचेल तितका कमी हलेल. सेन्सरच्या लेखी खोली रिकामी. दर काही मिनिटांनी दिवे जात आणि वीस-पंचवीस मुलं पुस्तकावरून डोळे न काढता एक हात वर करून हलवत. मग त्याने सूक्ष्मलहरींवर चालणारे दुसऱ्या जातीचे सेन्सर आणले. त्यांना बारीकशी हालचालही कळते, उन्हाळ्याचा त्रास नाही. पण ते इतके तीक्ष्ण की पातळ पार्टिशनपलीकडे चालणारा माणूस त्यांना दिसतो आणि छताचा फिरता पंखा तर दिसतोच. आता दिवे जाईनातच. मुलं घरी गेली तरी पंखा बंद करायचा राहिला की सेन्सरच्या हिशोबी अभ्यास चालूच. शेवटी त्याने दारापाशी बटण ठेवलं आणि शेवटी जाणाऱ्याने ते दाबायचं अशी पाटी लावली. सेन्सर त्याने फक्त पुस्तकांच्या कपाटांच्या बोळात आणि स्वच्छतागृहात ठेवले, आणि तिथे ते उत्तम चालतात.

उजेडाबद्दल आपण एवढं बोलतो याचं एक कारण तो डोळ्याला दिसतो. रिकाम्या जिन्यातला दिवा मनाला टोचतो. खाली पाण्याची मोटर चालते ती कुणाला दिसत नाही. आमची मोटर तीन एचपीची, तासाला अडीच-तीन युनिट खाते. वरची टाकी भरून अर्धा तास वाहत राहिली की सव्वा युनिट गेलं. जिन्यातले आठही दिवे रात्रभर जळून एवढी वीज खात नाहीत. वर वाघूर धरणाचं पाणी गटारात गेलं ते वेगळंच, आणि तेही आमच्या नळाला रोज येत नसताना. म्हणून मी सभेत हट्टाने आधी पाण्याच्या पातळीवर चालणारं कंट्रोलर मागितलं. टाकी भरली की मोटर बंद, खालचा हौद रिकामा झाला तरी बंद. एवढ्याशा डबीचं सोसायटीत कुणी कौतुक केलं नाही. जिन्यात माणूस येताच लागणाऱ्या दिव्याचं मात्र पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवतात.

उष्णता ताब्यात ठेवणाऱ्या यंत्रांची गोष्ट आमच्यासाठी थोडी उलटी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाच्या गावी वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. तिथला हिवाळा कडाक्याचा. वर्ग गार पडलाय की तापलाय हे बघायला इमारतीचा शिपाई मध्येच वर्गात यायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा कमी-जास्त करायचा. या येण्याजाण्याला कंटाळून जॉन्सन यांनी खोलीतूनच तळघरात इशारा जाईल असं विजेवर चालणारं यंत्र केलं आणि १८८३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजचे भिंतीवरचे थर्मोस्टॅट त्याच वंशातले. थंड देशांतल्या अनेक घरांत आता खोली तापवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरला वेगळी चावी असते, कोणत्या खोलीला कधी किती ऊब द्यायची ते ठरवता येतं, घर रिकामं असताना तापमान खाली आणता येतं. तिकडची सगळी काळजी आतली ऊब बाहेर निसटू नये ही. आमची काळजी बाहेरची धग आत शिरू नये ही.

या कामात नानांच्या गावचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर मला अजूनही गुरू वाटतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी सरांवर काटक्या आणि पाला, त्यावर खाऱ्या मातीचा थर. सूर्याने दुपारी केलेला मारा त्या भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि तोवर घरातली माणसं धाब्यावर अंथरुणं टाकून झोपलेली असतात. सकाळी ऊन चढायच्या आत दारंखिडक्या लावायच्या, दिवेलागणीनंतर उघडायच्या, हे काम आजेसासूबाई न चुकता करत. आता आमचा स्लॅब. पाच इंची काँक्रीट दुपारचं ऊन संध्याकाळी सहा-सातलाच आत ओततं आणि मध्यरात्रीपर्यंत ओतत राहतं. अशा घरात एसीला कितीही अक्कल दिली तरी तो छताशी भांडत बसणार. गच्चीला पांढरा चुना मारून घ्या, हे मी दर मार्चमध्ये सांगते. त्याला ॲप नाही, म्हणून त्यात कुणाला रस नाही.

आणि एसीचं ते १८! बाहेर ४४ असताना उन्हातून आलेला माणूस रिमोट घेतो आणि खाली खाली दाबत १८ वर नेतो. खोली लवकर गार व्हावी म्हणून. होत नाही. २४ ला ठेवलं काय आणि १८ ला ठेवलं काय, एवढ्या उन्हातून सुरुवात करताना यंत्र आपल्या पूर्ण ताकदीनेच पळत असतं. फरक पडतो तो कुठे थांबायचं यात. त्यात आपल्या जळगावी उन्हात बाहेरच्या पेटीलाच धाप लागलेली, ती १८ ला पोचतच नाही आणि रात्रभर थांबतच नाही. ब्यूरोचं सांगणं आहे की एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टारचं लेबल असलेला खोलीचा एसी सुरू होताना २४ वरच सुरू व्हावा असा नियमही झाला. नियम चांगला आहे. रिमोट मात्र पूर्वीसारखाच खालपर्यंत जातो, आणि आमची बोटंही.

हेच लोक केळीच्या बाबतीत असं वागत नाहीत, याची मला गंमत वाटते. रावेर-यावल-सावद्याकडे केळी पिकवण्याची रायपनिंग चेंबरं आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा दर रंगावर ठरतो. हिरवी केळी आत रचायची, थोडासा इथिलीन वायू सोडायचा आणि १६ ते १८ अंशांच्या आसपास हवा ठेवायची. पिकू लागलेलं फळ स्वतः उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणून हवा बदलावी लागते आणि गारवा सतत जुळवून घ्यावा लागतो. तापमान १३ च्या खाली गेलं की साल काळवंडते, वर गेलं की गर मऊ पडतो. तिथला माणूस एकेका अंशाला जपतो. लवकर गार व्हावं म्हणून कुणी दहावर नेत नाही. पंख्यांचा वेगही तिथे गरजेप्रमाणे कमी करता येतो, आणि त्यात फायदा फार आहे. पंख्याचा वेग पाचातला एक भाग कमी केला की त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्म्यावर येते. हे गणित कळणारा केळीचा व्यापारी घरी येऊन सोफ्यावर बसतो आणि एसी १८ वर करून पांघरूण मागतो. घरात काळवंडायला साल नाही ना.

आमच्या घरात मुलाने हौसेने मोबाइलवर चालणारे बल्ब आणले होते. त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी. एक म्हणजे असा बल्ब बंद असतानाही हुकमाची वाट बघत जागा असतो आणि थोडी थोडी वीज खात असतो. ती अर्धा वॉट धरली तरी दिवसभरात साध्या नऊ वॉटच्या बल्बच्या ऐंशी मिनिटांइतकी होते. ज्या खोलीत दिवा रोज तासभरच लागतो तिथे याने वाचवायचं काय? दुसरी गोष्ट, एकदा वादळात रात्री वीज गेली आणि दोन वाजता परत आली. आली ती सगळे बल्ब पूर्ण उजेडात लावूनच. नाना दचकून उठले, उठून बसले आणि म्हणाले, ‘‘दिन उगना का?’’ सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरचं मूळ बटणच बंद करायला सुरुवात केली, आणि त्या दिवसापासून ते बल्ब साधे झाले.

गिझरला मात्र साधा टायमर लावला, आणि घरात लावलेल्या सगळ्या यंत्रांत मी मनापासून खूश आहे ती त्याच्यावर. इकडे उन्हाळा सगळ्यांना माहीत. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो ते बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अर्धा युनिट लागतो, त्यात कसलीही चलाखी चालत नाही. चलाखी चालते ती तापवून ठेवण्यात. दिवसभर चालू राहिलेला गिझर हळूहळू निवतो, पुन्हा तापतो, पुन्हा निवतो. टायमर त्याला पहाटे लावतो आणि सगळे कामावर गेले की बंद करतो. एवढंच.

गेली काही वर्षं प्रश्न थोडा बदलला आहे असं मला वाटतं. भुसावळकडे जाताना दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथे कोळसा रात्रंदिवस जळतो, त्यामुळे वीज कधी वापरली याला पूर्वी फार अर्थ नव्हता, किती वापरली एवढंच बघायचं. पण साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, आणि गावोगावच्या छतांवर सौर विजेच्या निळ्या पाट्या दिसू लागल्या आहेत. यातली उन्हाची वीज दुपारी भरपूर असते आणि दिवे लागायच्या वेळी नेमकी ओसरते. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर लागलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली ती याचमुळे. तेव्हापासून अण्णा त्या मीटरचं नाव काढताना थोडे मऊ झाले आहेत.

म्हणजे आता दिवा विझवण्यापेक्षा मोठं काम आहे मोटर दिवसा चालवण्याचं. आमची मोटर वर्षानुवर्षं संध्याकाळी सातला लागायची. ती दुपारी बाराला लावू या म्हटलं तर चौथ्या मजल्यावरून विरोध आला, आणि तो रास्त होता. मे महिन्यात बाराला भरलेलं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीत पाचपर्यंत असं तापतं की भांडी घासताना हात भाजतात. मग ठरलं की उन्हाळ्यात दुपारी चारला लावायची. जमिनीखालच्या हौदातलं गार पाणी वर जातं, संध्याकाळच्या अंघोळी नीट होतात, आणि पाचच्या आत काम उरकतं. थंडीत सकाळी अकरा. पावसाळ्यात कधीही. टायमरमध्ये वेळा बदलायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. फक्त आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात टायमर बंद ठेवून मोटर हातानेच लावायची आहे. त्या दिवसांत प्रत्येक मजल्यावर माहेरवाशिणी आलेल्या असतात आणि टाकी दिवसातून दोनदा संपते.